तख्त, तख्ती आणि तख्ता

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. चौथीच्या वर्गात इतिहासाचा तास असला की शिवछत्रपतींचे पुस्तक निघते. मजकूर तोच, चित्रे तीच. फरक एवढाच की आमच्या मुलांच्या पुस्तकाची पाने उजवीकडून उलटायची असतात. राज्याभिषेकाचा धडा आला की वर्गाचा रंग बदलतो. सोन्याचे तख्त, वर छत्र, समोर दरबार. एरवी खिडकीबाहेर पाहणारी मुलेही चित्रावर बोट ठेवून बसतात.

काही वर्षांपूर्वी हा धडा शिकवून आम्ही मधल्या सुट्टीत हजेरीचे काम करत बसलो होतो. वर्गातून गलका ऐकू आला म्हणून गेलो, तर मुलांनी आमची खुर्ची टेबलावर चढवली होती. एका मुलीची ओढणी दोन लाकडी पट्ट्यांवर ताणून छत्र केले होते. खुर्चीत एक किरकोळ अंगाचा मुलगा बसला होता. त्याच्या बापाचे बसस्टँडजवळ पंक्चर काढायचे दुकान आहे. आम्ही त्याचा कान धरून त्याला खाली उतरवले आणि पुढचा तास संपेपर्यंत दाराबाहेर उभे केले. खुर्ची घसरून तो पडला असता, असे आम्ही सगळ्यांना सांगितले. ती काळजी खोटी नव्हती. पण आज कबूल करतो की राग त्या काळजीचा नव्हता. तो आमच्या खुर्चीत बसला होता, राग त्याचा होता.

दाराशी उभा असताना तो हळूच म्हणाला, "सर, मैं तो फैसला कर रहा था." चौकशी केली तेव्हा कळले की पाण्याच्या टाकीवर आधी कोणी प्यायचे यावरून दोन मुलांत भांडण झाले होते, आणि लहान वर्गाने आधी प्यावे असा निवाडा त्याने दिला होता. त्याच दिवशी तास संपताना मागच्या बाकावरून दुसऱ्याच एका मुलाने विचारले, "सर, वो तख्त अपना था या उनका?"

ही दोन वाक्ये आमच्या मनातून जात नाहीत. पहिल्या वाक्याने आम्हाला लाजवले, दुसऱ्याने अडवले. नऊ वर्षांच्या मुलाने 'अपना' आणि 'उनका' ही वाटणी कोठून आणली असेल? वर्गातून नक्कीच नाही, निदान आमचा समज तसा आहे. पण घराच्या ओट्यावर, बाजारात, टीव्हीसमोर तो रोज ऐकतो की इतिहासात दोन बाजू होत्या आणि त्याने आपली बाजू ओळखायची आहे. या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर द्यायचे तर आधी तख्त म्हणजे काय हे आपणच नीट समजून घेतले पाहिजे.

प्रथम रायगडाकडे जाऊ. ६ जून १६७४ रोजी तेथे राज्याभिषेक झाला. सभासदाच्या बखरीत बत्तीस मण सोन्याच्या सिंहासनाचा उल्लेख आहे, आणि तेथे 'तख्त' हाच शब्द येतो. आपण विचारत नाही, पण विचारायला हवे, की महाराजांना सिंहासनाची गरजच काय होती? किल्ले हाती होते, फौज होती, आरमार होते. अफजलखानाच्या प्रसंगाला पंधरा वर्षे होत आली होती. तरी विजापूरच्या नजरेत ते एका सरदाराचे पुत्र होते आणि दिल्लीच्या नजरेत एक बंडखोर जमीनदार. त्यांनी दिलेली सनद उद्या कोणी मानील काय, त्यांनी केलेला तह कोणाच्या नावाने केला म्हणायचा, त्यांनी बसवलेला सारा कोणत्या हक्काने वसूल व्हायचा, हे प्रश्न नुसत्या तलवारीने सुटत नव्हते. काशीच्या परंपरेतले गागाभट्ट आले ते त्यासाठी. तोही मार्ग सरळ नव्हता. महाराजांच्या क्षत्रियत्वावर शंका घेणारे घरचेच होते, आणि पहिल्या अभिषेकानंतर त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये निश्चलपुरी गोसावींच्या हातून तांत्रिक पद्धतीने दुसरा अभिषेक करावा लागला.

म्हणजे तख्त हा नुसता डामडौल नसतो. हे राज्य एका माणसाच्या मर्जीवर चालत नाही, त्याला नाव आहे, नियम आहे, त्याच्याकडे दाद मागता येते, असे लोकांना सांगण्याची ती एक जागा असते. आपल्या लोकांत तख्ताची टिंगल करण्याचा एक सोपा मार्ग आहे. 'सब ठाट पड़ा रह जावेगा' या थाटात आपण सुस्कारा टाकतो आणि मोकळे होतो. पण ज्याला दाद मागायला जागा नसते त्याला विचारा, तख्ताची किंमत काय असते.

त्या समारंभाला इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडन हजर होता. त्याने पाहिलेले लिहून ठेवले आहे. सिंहासनाच्या दोन्ही बाजूंना सोनेरी भाल्यांवर राजचिन्हे लावली होती. उजवीकडे मोठ्या दातांच्या माशांची सोन्याची मस्तके, डावीकडे घोड्यांच्या शेपट्या आणि एका भाल्याच्या टोकावर सोन्याचा तराजू, न्यायाची खूण म्हणून. ही चिन्हे मुसलमानी दरबारांच्या रीतीची आहेत, हेही त्याने नोंदवले. मत्स्यचिन्ह दिल्लीच्या बादशाहीत 'माही-मरातिब' म्हणून मोठ्या मानाचे होते. ज्या दरबाराने फार्सी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश करून घेतला, त्याच दरबाराने तराजू आणि मासा ठेवून घेतला. चांगली खूण कोणाची आहे हे तेथे विचारले गेले नाही, ती कशाची खूण आहे हे पाहिले गेले.

आता दुसरे तख्त पाहू. शहाजहानचे तख्त-ए-ताऊस सात वर्षे घडत होते आणि १६३५ मध्ये पूर्ण झाले. दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरीच्या हिशेबाने शहाऐंशी लाखांची रत्ने आणि चौदा लाखांचे सोने, म्हणजे एक कोट रुपये त्यावर लागले. ते ज्याने घडवून घेतले तो बादशहा १६५८ पासून मरेपर्यंत आग्ऱ्याच्या किल्ल्यात आपल्याच मुलाच्या कैदेत होता. १७३९ मध्ये नादिरशहाने दिल्ली लुटली आणि ते तख्त इराणला नेले. नेणारा मुसलमान, ज्याचे नेले तो मुसलमान, आणि दिल्लीच्या गल्ल्यांत कापले गेले त्यांत हिंदूही होते आणि मुसलमानही. तख्त 'अपना' असल्याचा तेथल्या लोकांना कोणता फायदा झाला? दिल्लीच्या लाल किल्ल्यात खासमहालात मात्र संगमरवरी जाळीवर कोरलेला एक तराजू आजही दिसतो. त्याला मीज़ान-ए-अदल म्हणतात. रायगडावर सोन्याचा तराजू होता, दिल्लीत दगडाचा. दोन्ही तख्ते गेली. लुटणाऱ्याला दगडाच्या तराजूचा उपयोग नव्हता, म्हणून तो उरला.

१६८९ मध्ये रायगड मोगलांच्या हाती गेला. त्यापूर्वी फेब्रुवारीत राजाराम महाराजांचे गडावर मंचकारोहण झाले होते. इतिहासकार सांगतात की ते स्वतःला शाहूंच्या वतीने कारभार पाहणारे मानत. आपल्या भाषेत याला अमानत म्हणतात. पुढे ते जिंजीला गेले. सभासदाने आपली बखर १६९७ च्या सुमारास तेथेच, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून लिहिली. म्हणजे बत्तीस मणांच्या सिंहासनाचे वर्णन तो लिहीत होता तेव्हा ते सिंहासन हातचे गेले होते. तरी राज्य संपले नव्हते. ते संताजी-धनाजींच्या घोड्यांच्या पाठीवर आणि गावोगावच्या लोकांच्या मनात होते. आणि त्याच काळात ज्याच्याकडे हिंदुस्थानातले सर्वांत महाग तख्त होते, तो औरंगजेब दख्खनमध्ये तंबूतून तंबूत फिरत होता. पंचवीस वर्षे तो फिरला आणि १७०७ मध्ये अहमदनगरजवळ वारला. दिल्लीला परत जाऊन त्या तख्तावर बसणे त्याच्या नशिबी आले नाही. एकाकडे तख्त नसून राज्य होते, दुसऱ्याकडे तख्त असून बसायला सवड नव्हती.

येथे आपल्यातले बरेच जण एक उत्तर पुढे करतात, आणि आम्हीही ते वर्गात देऊन पाहिले आहे. महाराजांच्या चाकरीत दर्यासारंग दौलतखान होते, काझी हैदर होते. रायगडावरच्या सिंहासनाची देखभाल मदारी मेहतर करीत असे, अशी लोककथाही आहे. मदारीविषयी इतिहासकारांत वाद आहे, म्हणून ती कथा आम्ही कथा म्हणूनच सांगतो. मुलांचे चेहरे उजळतात. पण नंतर विचार करताना आम्हाला हे उत्तर अपुरे वाटू लागले. 'आपलाही एक माणूस तेथे होता' असे म्हणणे म्हणजे पुन्हा वाटणीच मान्य करणे. तराजूजवळ उभे राहण्यासाठी ओळखीचा माणूस लागत असेल, तर तो तराजू कसला?

आता आपल्या परंपरेकडे वळू. खिलाफतीच्या आरंभी तख्त नव्हते. हजरत अबू बक्र यांनी पहिल्याच भाषणात लोकांना सांगितले की मी तुमच्यातला सर्वोत्तम नाही. बरोबर वागलो तर मदत करा, चुकलो तर सरळ करा. पुढे तख्त कसे आले ते इब्न खल्दूनने मुकद्दम्यात सांगितले आहे. इस्लामात पहिल्यांदा तख्त वापरले ते अमीर मुआवियांनी, आणि त्यांनी लोकांची परवानगी मागितली ती अंग जड झाले आहे असे सांगून. वाचताना हसू येते. पण त्यात एक गोष्ट शिल्लक होती, परवानगी मागण्याची. पुढच्यांनी तख्त ठेवले आणि परवानगी सोडली. इब्न खल्दून त्याच ठिकाणी इजिप्तचीही एक हकिकत देतो. अम्र इब्न अल-आस तेथले विजेते. ते आपल्या लोकांबरोबर जमिनीवर बसत. त्यांना भेटायला येणारा तेथला जुना सत्ताधीश मुकौकिस आपले सोन्याचे तख्त माणसांच्या हातांवर आणवून त्यांच्यासमोर त्यावर बसे. विजेता खाली, पराभूत सोन्यावर, आणि मुसलमानांना त्यात अपमान वाटला नाही. आमची खुर्ची एका मुलाने दहा मिनिटे घेतली तर आम्हाला केवढा वाटला!

कुरआनातली सबाच्या राणीची हकिकत आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी ऐकलेली असते. परंपरा तिला बिल्किस म्हणते. तिचे भव्य तख्त हजरत सुलेमानांपुढे पापणी लवते न लवते तोच आणले जाते. ते म्हणतात, याचे रूप थोडे बदला, पाहू ती ओळखते का. राणीला विचारतात, तुझे तख्त असेच आहे का? ती 'हे माझेच' असे म्हणत नाही आणि 'नव्हे' असेही म्हणत नाही. जणू तेच आहे, एवढेच म्हणते. मदरशात ही हकिकत शिकताना आमचे सगळे लक्ष तख्त उडून कसे आले याकडे असे. आता वाटते, खरी गोष्ट त्या उत्तरात आहे. ज्या तख्तावर ती रोज बसत होती, ते समोर दिसताच तिने त्यावर हक्क सांगितला नाही. नजर थोडी दूर धरली. ज्याला अशी नजर धरता येते, त्याला सत्य दाखवता येते.

आमच्या यवतमाळ जिल्ह्याला तख्ताचा अनुभव वेगळ्या तऱ्हेने मिळाला आहे. वऱ्हाड निजामाचा, पण १८५३ पासून कारभार इंग्रजांचा. १९०२ मध्ये वर्षाला पंचवीस लाख रुपयांवर तो कायमच्या पट्ट्याने दिला गेला. १९३६ मध्ये निजामाच्या युवराजाला 'प्रिन्स ऑफ बेरार' हा किताब मिळाला. तख्त हैद्राबादेत, किल्ल्या इंग्रजांकडे आणि कापूस पिकवणारा येथे. आमच्या बुजुर्गांत अजूनही 'आपला निजाम' असे म्हणणारे भेटतात. तो पट्टा करताना वऱ्हाडच्या कोणत्या मोमिनाला किंवा कुणब्याला विचारले होते? हैद्राबादच्या चौमहल्ला राजवाड्यात खिलवत नावाचा दरबार आहे. तेथे संगमरवरी चौथऱ्यावर तख्त-ए-निशान आहे. १९६७ मध्ये मुकर्रम जाह यांची तख्तनशीनी त्याच राजवाड्यात झाली. १९७१ च्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांचे किताब आणि तनखे संपले. जानेवारी २०२३ मध्ये इस्तंबूलला ते वारले, तेव्हा शेवटच्या दर्शनासाठी त्यांची मय्यत त्याच खिलवतमध्ये ठेवली होती. उर्दूत म्हण आहे, तख्त या तख्ता. एक तर गादी, नाही तर मय्यतीला गुस्ल देण्याची फळी. त्या दरबाराने एकाच माणसाच्या बाबतीत दोन्ही पाहिले.

गाद्या गेल्या, खुर्च्या आल्या. खुर्चीच्या बाबतीत आमचा जिल्हा भाग्यवान म्हणायचा. पुसदने महाराष्ट्राला वसंतराव नाईक आणि सुधाकरराव नाईक असे दोन मुख्यमंत्री दिले. वसंतराव १९६३ ते १९७५ एवढा दीर्घकाळ त्या पदावर होते. आणि पुसदला लागून असलेल्या महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणच्या एका शेतकऱ्याने, जो स्वतः गावचा सरपंच राहिला होता, १९ मार्च १९८६ रोजी बायको आणि लेकरांसह जीवन संपवले. आजही त्या दिवशी अनेक जण उपवास करतात. येथे कोणा एकाला आरोपी करायचे नाही. म्हणायचे एवढेच की खुर्ची आपल्या जिल्ह्यातली, आपल्या जातीची, आपल्या धर्माची असली म्हणजे न्याय आपोआप दारी येत नाही. आपण मात्र प्रत्येक निवडणुकीत आधी विचारतो, अपना है क्या? तराजूचे विचारायचे राहून जाते.

याच्या उलट उदाहरणही घरातच आहे. कोल्हापूरच्या गादीवर बसलेल्या राजर्षी शाहूंनी १९०६ मध्ये मुस्लिम मुलांच्या शिक्षणासाठी संस्था उभी केली, वसतिगृह काढले, आणि १९१७ मध्ये आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. ती गादी कोणाची होती? शिवछत्रपतींच्या घराण्याची. पण जे मूल तेथे शिकले, त्याच्या दृष्टीने ती त्याचीही होती. गादी आपली होते ती अशी. वारसाहक्काने ती फक्त एकाची होते.

उर्दूत तख्त आणि तख्ती हे जवळचे शब्द आहेत. तख्ती म्हणजे लहान मुलाची लिहिण्याची लाकडी पाटी. फळ्याला आम्ही तख्ता-ए-सियाह म्हणतो. मुळात सगळे लाकूडच. त्याच लाकडावर एक जण बसतो, एक जण अलिफ गिरवतो, आणि एक दिवस प्रत्येकाला त्याच्यावर निजवून पाणी घालतात. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये इंग्लंडच्या राजांच्या राज्याभिषेकाची लाकडी खुर्ची आहे. सुमारे १३०० सालची ही खुर्ची ६ मे २०२३ रोजी तिसऱ्या चार्ल्सच्या वेळीही वापरली गेली. पूर्वीच्या काळी तेथल्या शाळकरी पोरांनी आणि बघ्यांनी तिच्यावर चाकूने आपली नावे कोरून ठेवली आहेत. एकाने तर १८०० साली आपण या खुर्चीत झोपलो, असे कोरले आहे. हे वाचले तेव्हा आम्हाला आमच्या वर्गातले बाक आठवले. राजांनी ती खुर्ची फेकून दिली नाही. पोरांच्या नावांवरच ते बसत आले.

आमच्या वर्गातल्या त्या मुलाची माफी मागायला आम्हाला चार दिवस लागले. शिक्षकाने माफी मागितली तर वर्ग डोक्यावर बसेल, अशी भीती होती. शेवटी शनिवारच्या सकाळच्या शाळेत आम्ही खुर्ची टेबलामागून काढून वर्गाच्या मधोमध, जमिनीवरच ठेवली. सांगितले की आठवड्यातली भांडणे आता येथे मांडायची. पाळीपाळीने एक जण या खुर्चीत बसेल. त्याने दोन्ही बाजू ऐकायच्या, आणि निवाडा दिल्यावर कोणीही 'का?' असे विचारले तर उत्तर द्यायचे. उत्तर देता आले नाही तर उठायचे.

पहिली पाळी त्यालाच दिली. त्याच्यापुढे पहिली तक्रार मागच्या बाकावरच्या त्या मुलाने आणली, 'अपना या उनका' विचारणाऱ्याने. तो म्हणाला, फैसला करणाऱ्याला सरांनी बाहेर उभे केले, ते का? खुर्चीतल्या मुलाने घाबरत आमच्याकडे पाहिले आणि म्हणाला, "सर, आप बताइए."

आमच्याकडे उत्तर नव्हते. आम्ही वर्गासमोर "चूक झाली" एवढेच म्हटले. मग त्या मागच्या बाकावरच्या मुलाला सांगितले, तुझ्या प्रश्नाचे उत्तर आता आम्हाला थोडे थोडे कळते आहे. जेथे तुला उभे राहून 'का?' विचारता येते आणि बसलेल्याला जाब द्यावा लागतो, ते तख्त तुझे आहे. मग त्याच्यावर बसणारा कोणीही असो. त्याला ते पटले की नाही कोण जाणे. तो फक्त म्हणाला, "तो सर, मेरी बारी कब?"